फळीला फुगायला जागा द्या

जुलै लागला की नाशिक रोडच्या कुठल्याही कॉलनीत काही घरांचे दरवाजे अडायला लागतात. खाली उंबऱ्याला घासतात, वर चौकटीत रुततात, कडी कोयंड्यात बसत नाही. सुतार येतो, दरवाजा उतरवून कडेवर रंधा मारतो आणि जातो. पुढच्या मार्चमध्ये त्याच कडेने उजेड दिसू लागतो. दोष लाकडावर जातो. सागवान म्हणून दिले पण माल कच्चा होता, असे ठरते, आणि पुढचा दरवाजा लोखंडी किंवा लॅमिनेट लावलेला फ्लश घेतला जातो.

बऱ्याच घरांत लाकूड ठीक असते, दरवाज्याची रचना चुकलेली असते. नाशिकच्या हवेत लाकडी फळी वर्षभर हलत राहणार, हे गृहीत धरून केलेला दरवाजा जुलैत अडत नाही आणि मार्चमध्ये त्यात फटी पडत नाहीत. असा दरवाजा करण्याची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे एका फळीच्या कडेला जीभ, दुसरीच्या कडेला खाच, आणि दोन्ही न चिकटवता एकमेकींत बसवलेल्या उभ्या फळ्या. गिरणीवाले याला टंग अँड ग्रूव्ह म्हणतात, काही सुतार नर-मादी म्हणतात. मुख्य दरवाज्यासाठी ही रीत आज आपल्याकडे चालेल का, कोणत्या घराला चालेल आणि ती करताना काय सांभाळावे, याचा हा आढावा आहे.

आधी कोणत्या घराला ती लागत नाही ते सांगतो. बिटको चौकाच्या आसपासच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल आणि दरवाजा बंदिस्त जिन्यात उघडत असेल, तर चांगला फ्लश दरवाजा पुरतो. त्याच्या गाभ्यावरचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो फारसा फुगत नाही, आणि जिन्यात ऊन-पाऊस पोचत नाही. खरा प्रश्न बंगल्यांचा आणि रो-हाऊसचा आहे. जेलरोड, विहितगाव, देवळाली गाव, चेहेडी, पुणे रस्त्यावरचे शिंदे आणि पळसे इथे दरवाजा थेट अंगणात किंवा रस्त्यावर उघडतो. पश्चिमेकडून येणारा पाऊस त्याच्यावर आपटतो, एप्रिलचे ऊन त्याच्यावर तापते. अशा जागी फ्लश दरवाज्यावरचे व्हिनिअर काही वर्षांत खालच्या कडेपासून सुटू लागते. पूर्वेचा किंवा उत्तरेचा दरवाजा असावा हा आग्रह आपल्याकडे मोठा आहे. तो ज्या कारणाने धरला जातो ते बाजूला ठेवले, तरी नाशिकच्या पावसाची दिशा पाहता लाकडाचे त्यात भलेच होते.

आता हवेचा हिशेब, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ती ऐंशीच्या वर राहते. सावलीतल्या इंचभर जाडीच्या फळीत त्यामुळे मेअखेरीला कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असेल, आणि ऑगस्टअखेरीला १६ टक्क्यांच्या जवळपास. ओलावा एक टक्क्याने वाढला की आडव्या चिरलेल्या सागवानी फळीची रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने वाढते, आणि वार्षिक वलये फळीच्या पृष्ठाशी काटकोनात असतील अशी चिरली असेल तर सुमारे ०.१० टक्क्याने. लांबी मात्र जवळजवळ वाढतच नाही.

हे आकडे साडेतीन फूट रुंदीच्या, म्हणजे १०६७ मिलिमीटरच्या कवाडाला लावून पाहू. सगळ्या फळ्या डिंकाने जोडून एकसंध पाट केला, तर मे ते ऑगस्टमध्ये त्याची रुंदी सुमारे १६ मिलिमीटरने वाढेल. चौकटीत दोन्ही कडांना मिळून पाच-सहा मिलिमीटर मोकळीक असते. उरलेल्या दहा मिलिमीटरांना जायला जागाच नाही. ते दरवाजा वाकवतात, बिजागरीचे स्क्रू उपटतात किंवा चौकट ढकलतात. सुतार जुलैत रंध्याने जे काढतो ते हेच दहा मिलिमीटर, आणि मार्चमध्ये तीच फट होऊन दिसतात. म्हणून रंधा मारणे हा यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आता तीच रुंदी शंभर मिलिमीटरच्या सुट्या फळ्यांची करा. प्रत्येक फळी जास्तीत जास्त दीड मिलिमीटर हलेल, म्हणजे सुताराच्या मापात अर्धा सूत. जीभ आठ मिलिमीटरची आणि खाच दहाची असेल, तर ही हालचाल खाचेच्या आतच जिरते. फळी आक्रसली तरी जीभ खाचेतून बाहेर येत नाही, म्हणून उजेड दिसत नाही. फुगली तरी शेजारणीला ढकलत नाही. फळ्यांच्या कडा बाहेरून किंचित तिरप्या मारल्या की दोन फळ्यांमध्ये उभी बारीक रेघ पडते, आणि फटीची कमीजास्त रुंदी त्या रेघेत लपते. ती रेघ शोभेसाठी मारतात असे वाटते, पण तिचे काम हे आहे.

जुन्या सुतारांना टक्केवारी माहीत नव्हती, पण गोष्ट माहीत होती. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे मोठे दरवाजे नीट पाहावेत. जाड उभ्या फळ्या, मागे आडव्या पट्ट्या आणि फळ्या त्यांना धरून ठेवणारे मोठ्या टोप्यांचे लोखंडी खिळे. बिजागरीऐवजी कवाडालाच वर-खाली कुसू असते. खालचे कुसू दगडातल्या खळग्यात फिरते, वरचे कपाळपट्टीच्या भोकात. आतून भिंतीत सरकणारा अडसर. एवढ्या मोठ्या कवाडाला चौकटीच्या आत तंतोतंत बसायचे नसते. ते चौकटीवर मागून टेकते, त्यामुळे काही मिलिमीटरांनी फुगले तरी कुणाला कळत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा याच कुळातला. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या त्या वाड्याचे आतले इमले १८२८ च्या आगीत गेले, दरवाजा आणि तट राहिले. दाराच्या लहान दिंडीतून माणसे ये-जा करत, मोठी कवाडे क्वचितच उघडत.

नाशिकला अशा दरवाज्यांचे सागवान दूरचे नव्हते. पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि पलीकडे डांग, हा सागाचाच पट्टा. डांगचे जंगल इंग्रजांनी १८४२ मध्ये तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले ते जहाजांसाठी लागणाऱ्या सागवानासाठीच. फळ्यांच्या कडा यंत्राने एकसारख्या कापण्याची सोय मात्र बाहेरून आली. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये फळी रंधून तिला जीभ आणि खाच पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढच्या काही दशकांत जमिनी, छत, दरवाजे यांसाठी अशा तयार फळ्या जगभर जाऊ लागल्या. त्यांच्याबरोबर आडपट्ट्या आणि तिरप्या पट्ट्यांचा हलका दरवाजाही सरकारी आणि रेल्वेच्या बांधकामांत रुळला. आपल्याकडे त्याला आजही स्वतंत्र भारतीय मानक आहे, आयएस ६१९८. म्हणजे ही रीत हौशी लोकांनी मासिकातून उचललेली नाही. सरकारी बांधकामाच्या तपशीलपुस्तकांत ती आजही आहे, फक्त आपण ती गोठ्याच्या, कोठाराच्या आणि संडासाच्या दारापुरती ठेवली.

मुख्य दरवाज्यासाठी ती वर आणायची तर रचनेचे दोन प्रकार नीट समजून घ्यावे लागतात.

पहिला प्रकार साधा. उभ्या फळ्या, मागे वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडपट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये दोन तिरप्या पट्ट्या. आडपट्टीची लांबी हवेने बदलत नाही, म्हणून दरवाज्याची एकूण रुंदी ती धरून ठेवते आणि फळ्या आपापल्या जागी हलतात. इथे दोन चुका फार होतात. एक, फळीच्या दोन्ही कडांजवळ स्क्रू मारणे. फळी हलायला गेली की दोन स्क्रूंमध्ये ताणली जाते आणि मधोमध तडकते. स्क्रू फळीच्या मध्याजवळच घ्यावेत. कडा जिभेने धरलेल्या असतातच. दोन, तिरप्या पट्टीची दिशा. तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला हवे आणि वरचे टोक कुलपाच्या बाजूला. दरवाज्याचे वजन मोकळ्या बाजूने खाली झुकू पाहते. पट्टी अशी बसवली की ते वजन तिच्यातून दाबाने खालच्या बिजागरीकडे उतरते. लाकूड दाब उत्तम सोसते. उलटी बसवली तर तिच्यावर ताण येतो, ताण फक्त स्क्रूंवर पडतो आणि स्क्रू सैल होत जातात. आपल्या भागात फळ्यांचे जेवढे लोंबलेले दरवाजे दिसतात, त्यांच्या मागे जाऊन पाहा. पट्टी उलटी तरी असते किंवा नसतेच.

दुसरा प्रकार चौकटीचा. मुख्य दरवाज्यासाठी मी हाच सुचवतो. दोन उभे पट्टे आणि वरचा आडवा पट्टा ४५ मिलिमीटर जाडीचे, कुसू-भोक करून जोडलेले. मधला आणि खालचा आडवा पट्टा त्यांच्यापेक्षा फळीच्या जाडीएवढा पातळ. फळी २० मिलिमीटरची असेल तर हे दोन पट्टे २५ चे. फळ्या वरच्या पट्ट्याच्या खाचेत शिरतात, दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यांच्या खाचेत बसतात आणि समोरून मधल्या व खालच्या पट्ट्यावरून थेट तळापर्यंत उतरतात. त्यामुळे बाहेरच्या अंगाला पाणी थांबेल अशी आडवी कड कुठेच राहत नाही. पॅनेलच्या दरवाज्यात खालच्या पट्ट्याच्या खाचेत पाणी साचून तो कुजतो. ती जागाच इथे नाही.

या प्रकाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ११० मिलिमीटरचे दोन उभे पट्टे धरले, तर मे ते ऑगस्टमध्ये त्यांची रुंदी दोघांची मिळून तीन-साडेतीन मिलिमीटर वाढेल, नीट चिरलेल्या लाकडाची दोनच. मधल्या फळ्यांची हालचाल आतल्या आत राहते. एकसंध पाटाच्या १६ मिलिमीटरांसमोर हे तीन. चौकटीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक सूत मोकळीक ठेवली की पावसाळ्यात दरवाजा अडण्याचे कारण उरत नाही. शिवाय ४५ मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्यात मॉर्टिस कुलूप खोचता येते. साध्या प्रकारात ते जमत नाही, तिथे वरून बसवायचे कुलूप घ्यावे लागते. इंचभर फळीचा दरवाजा लाथेने मोडेल अशी भीती लोक बोलून दाखवतात. घरफोडीत आधी हार खाते ती चौकटीवरची पातळ पट्टी, जिच्यात कुलपाची जीभ शिरते, आणि तिचे आखूड स्क्रू. तिथे जाड पट्टी आणि भिंतीपर्यंत पोचणारे लांब स्क्रू लावले, तर फळीबद्दलची भीती बरीचशी निराधार ठरते.

फळ्या बसवताना दोघींमध्ये फट किती ठेवायची, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. ते महिन्यावर ठरते, आणि बहुतेक कामे इथे चुकतात. मेमध्ये दरवाजा केला तर लाकूड वर्षातल्या सर्वांत आक्रसलेल्या अवस्थेत असते. त्या वेळी फळ्या ठोकून घट्ट बसवल्या तर ऑगस्टमध्ये त्या एकमेकींना ढकलतील आणि दरवाज्याला पोट येईल. मेमध्ये दर दोन फळ्यांत दीड मिलिमीटर फट हवी. ऑगस्टमध्ये करत असाल तर उलट: फळ्या एकमेकींना टेकवून बसवाव्यात, मार्चमध्ये फट आपोआप पडेल. डिसेंबर-जानेवारीत यांच्या मधले माप. यासाठी सोपी युक्ती म्हणजे सनमाइकाचे तुकडे. त्याची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि प्रत्येक सुताराकडे ते पडलेले असतात. फळ्या बसवताना मध्ये घालायचे, स्क्रू झाले की काढून घ्यायचे. आणि जिभेवर डिंक लावायचा नाही, एक थेंबही नाही. हे सुताराला काम सुरू होण्याआधी सांगावे लागते, कारण जोड म्हटला की डिंक हे त्याच्या हाताला लागलेले असते. फार वाटले तर प्रत्येक फळी वरच्या खाचेत मधोमध एकाच ठिकाणी थोडी चिकटवावी, म्हणजे ती जागा सोडणार नाही आणि दोन्ही बाजूंना हलू शकेल.

आता लाकूड. बाजारात विचारले की पहिला प्रश्न येतो, सीपी की इम्पोर्टेड? सीपी म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूर-आलापल्लीकडचे सागवान. त्याचा मान जुना आहे, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाज्यांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले. आयात सागवान घाना, नायजेरिया, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा देशांतून येते, बहुतेक लागवडीतले आणि लहान वयाचे. त्यात पांढरा भाग जास्त असतो. सागाचा टिकाऊपणा त्याच्या तपकिरी गाभ्यात आहे. सालीखालचा पांढरा भाग वाळवी कुठल्याही हलक्या लाकडासारखाच खाते. म्हणून देश विचारण्याआधी फळीवर पांढरे किती आहे ते पाहावे. आयात मालातल्या गाभ्याच्या फळ्या निवडून घेतल्या तर दरवाजा चांगला होतो, आणि भारी सीपी मालातल्या पांढऱ्या कडा तशाच ठेवल्या तर तो बिघडतो.

माझ्या मते नाशिककरांसाठी सर्वांत चांगले लाकूड जुने आहे. गावातले वाडे दरवर्षी थोडे थोडे उतरवले जातात, काही पावसात कोसळतात, आणि त्यांच्या तुळया, खांब आणि कड्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. हे सागवान मोठ्या झाडांचे, घट्ट वलयांचे आणि कित्येक दशके सुकलेले असते. जाड तुळई चिरताना तिचा छेद पाहून वलये फळीच्या पृष्ठाशी उभी राहतील असा काप घेता येतो. पातळ ओंडक्यातून अशा फळ्या मोजक्याच निघतात. अशा फळीची हालचाल जवळपास निम्मी होते, हे वरच्या आकड्यांत आलेच. अडचणी दोन आहेत. आत मोडलेले खिळे असतात आणि ते गिरणीचे पाते खातात, म्हणून कापण्याआधी मेटल डिटेक्टर किंवा निदान जोरदार चुंबक सगळ्या पृष्ठांवर फिरवावे. आणि भिंतीत दडलेले टोक कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते. ते दोन-तीन फूट सोडूनच मोजावे. व्यापाऱ्याकडून पावती जरूर घ्यावी. स्वतःच्या शेतातला साग तोडून आणायचा विचार असेल तर त्याला परवानगी लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातल्या यादीत साग आहे, आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो.

इतर लाकडांबद्दल थोडक्यात. बाभूळ मजबूत पण जड आणि जास्त हलणारी. तिच्यातल्या टॅनिनमुळे लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात. शिवण हलके आणि शांत लाकूड, मिळाले तर फळ्यांसाठी घ्यावे. फणसाचे दरवाजे कोकणात चांगले टिकलेले दिसतात. आंबा बाहेरच्या दाराला वापरू नये. पाइन प्रक्रिया केलेले असेल तरच, आणि मोठ्या पोर्चखाली.

जात कोणतीही असो, कोरडेपणा आधी तपासावा. फळ्यांचा ओलावा १० ते १२ टक्के असावा. पिनांचा मीटर आता सहज मिळतो. तो नसेल तर त्याच फळीचा छोटा तुकडा फळीच्या मधून कापून तोलावा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वर ठेवून वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १२ टक्के. १२५ चा १०० झाला तर ते लाकूड घरी आणून मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचावे आणि थांबावे. इंचभर जाडीला वर्ष, हा जुना ठोकताळा ओल्या लाकडासाठी आहे. भट्टीत सुकवलेला माल असला तरी महिनाभर तो घरातच पडू द्यावा. ओल्या फळीत कितीही सुरेख जीभ-खाच पाडली तरी पहिल्याच उन्हाळ्यात ती उघडी पडते आणि पिळते. पिळलेली फळी दुरुस्त होत नाही.

जीभ फळीच्या जाडीच्या तिसऱ्या भागाएवढी असावी. २० मिलिमीटरच्या फळीला सहा-सात. गिरणीत स्पिंडलवर हे काम चटकन होते, फक्त सगळ्या फळ्या एकाच बैठकीत आणि दर्शनी बाजू एकाच दिशेला ठेवून काढायला सांगाव्यात, नाहीतर पृष्ठे वर-खाली होतात. स्पिंडल नसेल तर दोन्ही कडांना खाच पाडून मध्ये मरीन प्लायची सुटी पट्टी घालता येते. यात लाकूड वाचते, कारण जिभेसाठी फळीची आठ मिलिमीटर रुंदी जात नाही, आणि हातातल्या राउटरवरही ते काम होते. दोन फळ्या अर्ध्या अर्ध्या जाडीने एकमेकींवर चढवण्याची रीतही आहे, पण तिच्यात फळीची एक कड मोकळी राहते आणि ती उन्हाने बाहेर वळते. मुख्य दाराला ती नको.

साडेतीन बाय सात फुटांच्या दरवाज्याला, चिरण-रंधणाची तूट धरून, कवाडासाठी चार ते साडेचार घनफूट लाकूड लागते, आणि पाच बाय तीन इंचांच्या चौकटीला सव्वादोन-अडीच. तयार कवाड पन्नास किलोच्या आसपास भरते. त्याला पाच इंची बेअरिंगच्या किमान तीन बिजागऱ्या हव्यात, चौथी वरच्या बिजागरीखाली दिली तर उत्तम. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घ्यावेत. चौकटीची भिंतीकडची बाजू बसवण्याआधीच सील करावी. जमल्यास चौकटीचे पाय लाद्यांत पुरू नयेत, काळ्या दगडाच्या उंबऱ्यावर उभे करावेत.

उंबऱ्याबद्दल इथे थोडे जास्त लिहायला हवे. आपल्याकडे दारासमोर रोज सडा पडतो, उंबरा धुतला जातो, त्यावर हळदकुंकू आणि रांगोळी असते. ही पद्धत राहणारच आणि राहावी. पण त्यामुळे आपल्या दरवाज्याचा खालचा इंचभर भाग पावसाळा नसतानाही रोज भिजतो, आणि फळ्यांची तळाची टोके म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्या; पृष्ठापेक्षा कितीतरी वेगाने त्या पाणी ओढतात. दरवाजा लटकवण्याआधी ही तळकड तेलाने किंवा इपॉक्सीने तृप्त होईपर्यंत भरावी, खाली दहा मिलिमीटर जागा सोडावी, आणि बाहेरून खालच्या कडेला पाणी झटकणारी तिरपी पट्टी लावावी. पॉलिश करणारा कारागीर लटकलेल्या दरवाज्याची तळकड कधीच रंगवत नाही, कारण तिथे त्याचा हात पोचत नाही. दरवाजे कुजायला सुरुवात होते ती तिथूनच.

पॉलिशचे नियम थोडे आहेत. लाखेचे पॉलिश बाहेरच्या दाराला नको, पाणी लागले की पांढरे डाग पडतात. मेलामाइनही घरातल्या फर्निचरचे. बाहेरचे पीयू दिसायला देखणे आणि टिकाऊ, पण फळ्या हलतात तिथे, म्हणजे जोडाच्या रेघेत, त्याचा पापुद्रा आधी तडकतो, आणि मग सगळे खरवडून पुन्हा करावे लागते. म्हणून फळ्यांच्या दरवाज्याला मी बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, पक्ष घेतो. टर्पेंटाइनने पातळ केलेला पहिला हात, मग घट्ट हात, प्रत्येक हातानंतर दिवसभर वाळवण. दरवर्षी एक हात दिला की झाले, खरवडणे नाही. काही गोष्टी पाळाव्यात. जिभा आणि खाचा जोडण्यापूर्वीच तेलाने भरून घ्याव्यात, नाहीतर मेमध्ये फळी आक्रसली की कोरी, पांढुरकी पट्टी बाहेर दिसते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सारखेच हात द्यावेत. एकच बाजू रंगवली तर दुसरी जास्त ओलावा घेते आणि फळी वाटीसारखी वळते. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

हे काम करणार कोण, हा प्रश्न उरतो. आज आपल्या भागात सुतारकाम करणारे पुष्कळ कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. हात चांगला आहे, पण रोजचे काम प्लाय आणि सनमाइकाचे आहे, आणि प्लाय हलत नाही. त्यामुळे हलणाऱ्या लाकडाची सवय त्यांच्याच नव्हे, आपल्या इथल्या तरुण सुतारांच्याही हातातून सुटत चालली आहे. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात लाकडी सांधे शिकवतात. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहाच्या सुतारकाम विभागात बंदी आजही लाकडी फर्निचर करतात. कौशल्य गावात आहे. ग्राहकाने मागितले नाही तर ते वापरात येत नाही, एवढीच गोष्ट आहे, आणि म्हणून मागणाऱ्याला नेमके काय मागायचे ते माहीत हवे. काम ठरवताना कागदावर लिहून द्यावे: लाकडाचा ओलावा किती, जोडात डिंक नाही, फट किती, तळकड सील केलेली, तिरपी पट्टी असेल तर तिची दिशा. मजुरी घनफुटावर न ठरवता नगावर ठरवावी, म्हणजे कारागिराला जास्त लाकूड घालण्यात फायदा राहत नाही.

वेळेचे गणित जमले तर असे ठेवावे. लाकूड दिवाळीनंतर घ्यावे, घरातच रचून सुकू द्यावे, फेब्रुवारीत कापून फळ्या काढाव्यात आणि आणखी दोन-तीन आठवडे तशाच ठेवून ज्या पिळल्या त्या बाजूला काढाव्यात. गुढीपाडव्यापर्यंत दरवाजा लटकतो. पहिल्या वर्षी मेच्या शेवटी आणि ऑगस्टच्या शेवटी चौकटीच्या कडेची फट तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवावी. आकड्यांतला फरक चार मिलिमीटरच्या आत असेल तर रंध्याला हात लावू नये, मग एखाद्या ओल्या आठवड्यात दरवाजा थोडा जड वाटला तरी चालेल. बिजागरीचे स्क्रू ऑक्टोबरमध्ये एकदा आवळावेत, आणि त्याच आठवड्यात, हवा कोरडी असताना, तळकडेपासून सुरुवात करून तेलाचा पुढचा हात द्यावा.